एक पिढी मागे

"जरा डावीकडे. अजून. हं, आता दिसतंय?"

पॉजराव दुकानाच्या काचेमागे गुडघे टेकून बसले होते आणि तिथून ओरडत होते. त्यांची बायको गल्लीच्या पलीकडे, स्वतःच्या थोरल्या बहिणीच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती.

"दिसतंय."

"पूर्ण? की नुसता कोपरा?"

"अहो, पूर्ण दिसतंय. लोक बघताहेत, उठा आता."

"लोकांसाठीच ठेवलंय, बघू देत. उभ्याने नको सांगूस. साडूभाऊ उभे कधी असतात? ते स्टुलावर बसलेले असतात. तू बसून बघ."

बायको पायरीवर बसली. समोरच्या काचेत नवं मशीन उभं होतं. पांढरं, उंच आणि मधोमध निळ्या दिव्याची रेघ. लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यासारखं ते ताठ दिसत होतं. तिने थोडा वेळ पाहिलं आणि मान खाली घातली.

"बसूनही दिसतंय," ती म्हणाली. "पण..."

"पण काय?"

"काही नाही. कुकर लावायचाय मला."

बायकोच्या तोंडून निघणाऱ्या 'पण'चा पाठपुरावा करायचा नसतो, हे पॉजराव संसारात फार लवकर शिकले होते. त्यांनी काच पुसली. बोटांचे ठसे आतल्या बाजूने पुसले, बाहेरच्या बाजूने पुसले आणि मग उगाच पुन्हा आतून पुसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे असं मशीन होतं, जे समोर नव्हतं.

पॉजराव हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. व्हिडिओ गेमचं पार्लर काढल्यावर ते गिऱ्हाइकांनी ठेवलं. खेळायची वेळ संपली की हा गृहस्थ पुढे यायचा आणि पॉजचं बटण दाबायचा. खेळातला गडी त्या वेळी दोन डोंगरांच्या मध्ये हवेत तरंगत असला तरी तिथेच तरंगत राहायचा. "अहो, निदान खाली तरी उतरू द्या त्याला," अशी गयावया लोक करायचे. "वेळ म्हणजे वेळ," असं उत्तर मिळायचं. समोरच्या दुकानात साडूभाऊ मात्र गड्याला खाली उतरू द्यायचे. वर "होऊ दे रे, एक उडी काय मोजायची?" म्हणायचे. त्यामुळे साडूंच्या पार्लरला गर्दी असायची आणि पॉजरावांना नाव मिळालं.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीचा नवरा म्हणजे साडूभाऊ. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पहिलं मशीन मांडलं, तेव्हा पॉजराव रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला होते. धाकटीने एक दिवस जेवताना सहज सांगितलं, "ताईकडे नुसती रांग लागते." बस्स. एवढ्या एका वाक्यावर पॉजरावांनी नोकरी सोडली, समोरची खोली घेतली आणि आपलंही मशीन मांडलं. माणसं संसार करतात, धंदा करतात, देशाटन करतात. पॉजरावांनी तिन्हींऐवजी साडू केले.

तेव्हा कॅसेटची पिढी होती. जाडजूड प्लास्टिकची कॅसेट मशीनच्या डोक्यात खोचायची, बटण दाबायचं आणि वाट पाहायची. चित्राऐवजी राखाडी चौकोन नाचायला लागले, की कॅसेट काढायची, तिच्या खालच्या फटीत फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. साऱ्या जगात हाच इलाज चालायचा. फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या उलट गंजतात, हे पुढे शहाण्या लोकांनी शोधून काढलं. पण तोवर ती पिढीच संपली होती, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

तर त्या काळात गल्लीत अशी वदंता उठली की साडूंच्या फुंकरीला गुण आहे. पॉजरावांनी दहादा फुंकलेली कॅसेट चालायची नाही आणि साडूंनी एकदा हलकेच, ओठांचा चंबू करून, बाळाच्या कपाळावर घालावी तशी फुंकर घातली, की चालायची. शेवटी पॉजरावांची गिऱ्हाइकं पॉजरावांचीच कॅसेट घेऊन फुंकर मारून आणायला समोर जाऊ लागली. साडू फुंकून द्यायचे आणि वर निरोप पाठवायचे, "आमच्या साडूंना सांगा, जोर लावायचा नसतो." माणसाने माणसाच्या बंगल्यावर जळावं, मोटारीवर जळावं. पॉजराव साडूंच्या श्वासावर जळले.

मग रंगांची पिढी आली. रिमोटवर दोन बटणांची सहा झाली, पडद्यावरच्या झाडांना पानं फुटली, आभाळात ढग सरकू लागले. साडूंनी ते मशीन आणलं. पॉजरावांनी मन घट्ट करून ते घ्यायचं ठरवलं आणि घेतलंही. घरी आणून खोका उघडतात, तोवर समोरच्या काचेत तबकडीवर चालणारं मशीन येऊन बसलं होतं. झाडं आता सपाट राहिली नव्हती. त्यांच्या मागे जाता येत होतं.

तबकडीची आठवण पॉजराव आजही काढत नाहीत. दुसरे काढतात. झालं असं, की ते मशीन दिवसरात्र चाललं की आतलं भिंग बसवलेली पट्टी झिजायची, भिंग खाली झुकायचं आणि तबकडी वाचता यायची नाही. तेव्हा लोक मशीन सरळ पालथं घालायचे. भिंग आपल्या वजनाने तबकडीकडे यायचं आणि गाडी चालू व्हायची. साडूंकडे गर्दी फार, म्हणून त्यांचं मशीन आधी झिजलं आणि एका सकाळी ते पालथं दिसलं. पॉजरावांनी पलीकडून पाहिलं. का, कशासाठी हे विचारणं म्हणजे साडूंकडून शिकणं, आणि ते तर शक्य नव्हतं. उलटं ठेवल्याने चित्र सुधारत असणार, असं त्यांनी ताडलं आणि आपलं धडधाकट मशीन पालथं घातलं. काही आठवड्यांतच त्याचं भिंग उलट्या बाजूने झिजलं. पुढे ते सुलटं चालेना, पालथं चालेना. शेवटी भिंतीला टेकवून आडवं ठेवलं की कसंबसं चालायचं. साडू मुद्दाम येऊन बघून गेले. "होईल हो, तुमचंही होईल," असं पाठीवर हात ठेवून म्हणाले. त्या हाताचा चटका पॉजरावांना पुढची पिढी येईपर्यंत पुरला.

पुढच्या पिढीत मशीनवर सिनेमेही दिसू लागले. सासूबाई आळीपाळीने दोन्ही लेकींकडे राहायच्या, त्या वर्षी त्या साडूंकडेच राहिल्या. त्यानंतर रिमोटची वायर गेली आणि लोक हात हवेत फिरवून टेनिस खेळू लागले. साडूंकडे एका गिऱ्हाइकाच्या हातून रिमोट सुटला आणि थेट टीव्हीत घुसला. साडूंचं तोंड दोन दिवस पडलेलं होतं. पॉजरावांची मात्र झोप उडाली. "त्यांच्याकडे टीव्ही फुटण्याइतकी गर्दी आहे," ते अंधारात बायकोला म्हणाले. "आपला टीव्ही कोण फोडणार?"

बायको म्हणाली, "झोपा. सकाळी मी फोडते."

मग मात्र दोघांच्याही दुकानांना ओहोटी लागली. मशीनं घरोघरी गेली, त्यांना इंटरनेट जोडलं गेलं. पूर्वी चौघांना खेळायचं तर चौघांनी एका खोलीत यावं लागे. आता चौघांना खेळायचं तर चौघांनी आपापल्या खोलीत जावं लागतं. पार्लरं एकामागून एक बंद पडली. कुठे मोबाइलची कव्हरं विकायला लागले, कुठे केस कापायला. गल्लीत ही दोनच उरली, कारण दोघांपैकी कोणी आधी बंद करायचं हा प्रश्न सुटत नव्हता.

अशात ही ताजी पिढी आली. यंदाच्या मशीनला तबकडीची फटसुद्धा नव्हती. खेळ हवेतून यायचा. पॉजराव सवयीप्रमाणे व्यापाऱ्याकडे चौकशीला गेले, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या साडूंनी यंदा काही नाव नोंदवलं नाही बुवा."

"नोंदवतील. गुपचूप नोंदवतील. तुम्हाला सांगून ठेवलं असेल, मला बोलू नका म्हणून."

"अहो, शपथ. मी स्वतः फोन केला. म्हणाले, नको."

"'नको' म्हणाले? कोणत्या सुरात म्हणाले?"

व्यापाऱ्याला सूर सांगता येईना. पॉजराव तीन दिवस त्या 'नको'चा अर्थ लावत बसले. शेवटी, डाव असला तरी असो, एकदा पुढे जाऊन पाहू, असं म्हणून त्यांनी मशीन घेतलं. आणि आज ते काचेत होतं.

साडू नेहमीच्या वेळी बाहेर आले. वर्षभरापासून ते काळा चष्मा लावायला लागले होते. पॉजरावांनी त्या चष्म्याची नोंद तेव्हाच घेतली होती. या वयात, या धंद्यात, काळा चष्मा! चालही बदलली होती. पूर्वी तरातरा यायचे, आता दारापासून काउंटरच्या कडेने बोटं फिरवत, एकेक पाऊल तोलून टाकत, संस्थानिकासारखे यायचे. स्टुलाच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभर थांबले आणि बसले. तोंड बरोबर समोर. बरोबर काचेकडे.

पॉजराव आतून पाहत राहिले. साडूंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. भुवई नाही, ओठ नाही, काहीच नाही. निळी रेघ त्यांच्या काळ्या काचांत स्पष्ट उमटली होती आणि तरी हा माणूस समोर रिकामी भिंत असल्यासारखा बसून होता.

"बघितलंस?" पॉजराव बायकोला म्हणाले. "बघून न बघितल्यासारखं करतोय. हेही त्यालाच जमतं. मला शंभर जन्म घेतले तरी जमायचं नाही."

बायको दोडका चिरत होती.

दुपारच्या सुट्टीत बँकेतला कारकून आला. हा पॉजरावांचा शेवटचा नियमित खेळाडू. साहेबावरचा राग तो जेवणाच्या सुट्टीत राक्षसांवर काढायचा आणि टाय नीट करून परत जायचा. त्याने नवं मशीन पाहिलं आणि डबा उघडायचा विसरला. पडद्यावर एक म्हातारा कोळी पावसात होडी ओढत होता.

"काका, हे बघा! त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय. पावसाचं वेगळं नि रडण्याचं वेगळं, दोन्ही कळतंय!"

"मोठ्याने बोल."

"आँ?"

"जे बोललास ते जरा मोठ्याने बोल. दाराकडे तोंड करून."

कारकून भला माणूस. त्याने दाराकडे तोंड करून कोळ्याच्या डोळ्यांतल्या पाण्याची पुन्हा वाहवा केली. शिवाय दाढीचा एकेक केस मोजता येतो, असं आपणहून जोडलं. पॉजरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पाऊस गल्लीभर कोसळला, लाटा फुटल्या, कोळ्याची होडी वाळूवर करकरली. समोर साडूंनी मान किंचित तिरपी केली.

"साडूभाऊ," त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "आवाज छान आहे हो!"

आवाज! पॉजरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं चित्र काढलंय, केस न् केस मोजून काढलाय, आणि हा गृहस्थ म्हणतो आवाज छान आहे. सुनेच्या हातचं पंचपक्वान्न खाऊन सासूने 'पाणी गार होतं' म्हणावं, तसं. ते उठले, गल्ली ओलांडून साडूंसमोर जाऊन उभे राहिले.

"आत या ना," ते शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले. "जवळून बघा. तुमचं मत कळेल."

साडूंनी चेहरा वर केला. काळ्या काचांत पॉजरावांना स्वतःचेच दोन चेहरे दिसले. दोन्ही आशाळभूत.

"बघू की नंतर," साडू म्हणाले. "काय असणार आहे त्यात एवढं? झाडंच असतील ना?"

"कोळी आहे."

"असू दे की."

इतकंच. ते कान खाजवायला लागले. दाराशी थोरली उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण नवऱ्याकडे पाहून आत वळली. पॉजराव परत फिरले. त्या एका गल्लीइतकं लांब अंतर त्यांनी आजवर कापलं नव्हतं.

जेवायला बसल्यावर त्यांनी ताटाला हातही लावला नाही.

"माणूस एवढा कोत्या मनाचा असू शकतो?" ते म्हणाले. "त्यांचं प्रत्येक मशीन मी बघायला गेलो. जळत गेलो, पण गेलो ना? 'वा' म्हटलं ना? घशात काटा अडकल्यासारखं म्हटलं, पण म्हटलं. त्यांना एक 'वा' म्हणवत नाही? चार पावलं टाकून येववत नाही? एवढा कसला ताठा? एकदाच, आयुष्यात एकदाच माझं पुढे आहे, तर..."

"अहो, दिसत नाही त्यांना."

"दिसत नाही कसं? तू स्वतः बसून बघितलंस ना पायरीवर? पूर्ण दिसतंय म्हणालीस!"

"दाजींना दिसत नाही," बायको म्हणाली. भाजीचा चमचा तिने पातेल्यात परत ठेवला. "डोळे गेले त्यांचे. वर्षभरापासून कमी होत होते, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. डॉक्टर म्हणतात, परत यायचे नाहीत. साखर होती ना अंगात, लक्ष दिलं नाही."

पॉजरावांची मान आपोआप गल्लीच्या दिशेने वळली.

"ताईने मला शपथ घातली होती. तिला त्यांनी घातली होती. सगळ्यांना कळलं तरी चालेल म्हणाले, तुम्हाला नाही."

"मला का नाही?"

बायकोला सांगताना जड गेलं. "ताईला म्हणाले, 'या गल्लीत माझ्यावर जळणारा एकच माणूस उरलाय. त्याला कळलं की तो माझी कीव करायला लागेल. मग माझ्याकडे राहिलं काय?'"

कुकरमधली वाफ हळूहळू सुटत होती. पॉजरावांना सर्वांत आधी काय वाटलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण वाटलं खरं. जिंकलो, असं वाटलं. डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ वाटलं आणि लगेच गेलं. गेल्यावर जी पोकळी पडली, तिच्यात काय भरावं ते त्यांना कळेना. हे मशीन त्यांनी धंद्यासाठी घेतलंच नव्हतं. कारकुनासाठी तर मुळीच नाही. ते एका गिऱ्हाइकासाठी घेतलं होतं. कॅसेटपासून आजवरची सगळी त्यांनी त्याच गिऱ्हाइकासाठी घेतली होती.

ते जेवले. जेवण टाकलं असतं तर बायकोने विचारलं असतं, म्हणून जेवले. मग दुकानात जाऊन मशीनची वायर काढली, ते काचेतून उचललं आणि मागच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. काचेत मोकळा चौकोन उरला.

साडू आपल्या दुकानात आतल्या बाजूला बसले होते. समोर कॅसेटचं पहिलं मशीन उघडं पडलेलं. त्याचं झाकण मांडीवर घेऊन ते फडक्याने खाचा पुसत होते. बोटं खाचेतून खाचेत न चुकता जात होती. चष्मा काउंटरवर काढून ठेवलेला होता. पाहुण्यांसाठीची वेताची खुर्ची उजवीकडे रिकामी होती, पण पॉजराव डावीकडे, काउंटरला टेकून उभे राहिले. बसायचा धीर होत नव्हता.

"कोण?" साडूंनी विचारलं आणि हात झटकन चष्म्याकडे गेला.

"मीच."

"अरे वा, साडूभाऊ!" चष्मा नाकावर चढला. "अगं, चहा टाक. आज गल्लीतली बडी असामी आलीय."

थोरली आतून दाराशी आली. तिने पॉजरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. पॉजरावांनी नकारार्थी मान हलवली. ती परत आत गेली.

"फसलो, साडूभाऊ," पॉजराव म्हणाले.

"का? काय झालं?"

"ते नवीन मशीन. घोडचूक झाली. त्याला तोंडच नाही हो! तबकडी घालायची कुठून? सगळं इंटरनेटवरून आणायचं. एक खेळ यायला अख्खी रात्र लागते, तीही मधे लाइट गेली नाही तर. पंखा असा घरघरतो, की शेजारी गिरणी काढली का विचारतात. रिमोट दर दोन तासांनी चार्जिंगला लावा. आणि उभंच ठेवावं लागतं. मधेच धक्का लागला, की संपलं."

"पालथं घालून बघितलंत का?" साडू म्हणाले आणि फिसकन हसले.

पॉजरावही हसले. या गोष्टीवर ते उभ्या जन्मात पहिल्यांदा हसले.

"तुम्ही घेतलं नाहीत, ते बरं केलंत," ते पुढे म्हणाले. "मला वाटलं होतं तुम्ही मागे पडलात. पण तुमचं गणित नेहमी पुढचं. मी आपला आंधळेपणाने..."

शब्द तोंडातून निघून गेला आणि पॉजरावांनी वाक्य तिथेच तोडलं. साडूंचं फडकं क्षणभर थांबलं. मग ते पुन्हा खाचेवरून फिरू लागलं.

"आणि चित्र?" साडूंनी विचारलं.

पॉजरावांच्या डोळ्यांसमोर तो म्हातारा कोळी आला, त्याच्या दाढीचा एकेक केस, आणि पावसापासून वेगळं ओळखू येणारं ते पाणी. एवढं सुंदर चित्र त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याची तारीफ ऐकवायला त्यांनी एका भल्या माणसाला दाराकडे तोंड करून ओरडायला लावलं होतं.

"चित्राचं काय," ते म्हणाले. "तुमच्या मागच्या मशीनचं होतं ना, त्याच्यापुढे काहीच नाही. मी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. उगाच जाहिरात करतात. एक कोळी आहे, तोही पुसट दिसतो."

"पुसट?"

"पुसट."

साडूंचा चेहरा उजळला. वर्षभरात तो असा उजळला नसावा. मांडीवरचं झाकण त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि पाठ सरळ करून बसले.

"मी हिला म्हणत होतो," ते म्हणाले. "विचार हवं तर. पहिल्या दिवशी म्हणालो, यंदाच्या मशीनमध्ये दम नाही. नाव नोंदवायला फोन आला, मी साफ 'नको' सांगितलं. अहो, इतक्या पिढ्या हाताखालून गेल्या, वासावरून कळतं. तुम्हाला कसं कळलं नाही?"

"नाही कळलं."

"घाई. तुमची घाई नडते. सुरुवातीपासून सांगतोय, जोर लावायचा नसतो." ते आता रंगात आले होते. "जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नका. कोणाला सांगू मात्र नका, गिऱ्हाईक तुटेल. तो बँकेतला आला तर त्याला तसंच छान छान म्हणू द्या. मी पण काही बोलणार नाही. आपल्या घरातली गोष्ट आहे."

पॉजराव जळायचं सोंग करायला आले होते. वाटेत त्याची उजळणीही केली होती. आवाज जरा चिरका ठेवायचा, 'तुमचं काय बुवा' असं अधूनमधून म्हणायचं. त्याची गरजच पडली नाही. ते खरेच जळू लागले. अस्सल, पूर्वीच्या ताकदीने. या माणसाला दिसत नाही, याच्या काचेत कितीतरी दिवसांत नवं काही आलेलं नाही, याचं एकमेव चालू मशीन आज्याच्या वयाचं आहे. आणि तरी हा स्टुलावर बसून माझी समजूत घालतोय, आणि मी घालून घेतोय! याला कसं जमतं? सगळं गेल्यावरही हा माझ्या पुढे कसा?

थोरलीने चहा आणून ठेवला. कप ठेवताना बशीचा मुद्दाम खणकन आवाज केला. साडूंचा हात आवाजाच्या रोखाने गेला आणि कप बिनचूक उचलला गेला. त्यांनी एक घोट घेतला, पसंतीची मान हलवली आणि पाहुणा तिथेच बसला असणार असं धरून उजवीकडच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे चेहरा वळवून, एखाद्या धाकट्या भावाला सांगावं तसं, सावकाश म्हणाले,

"पुढच्या वेळी काही घ्यायच्या आधी मला एकदा विचारत जा."

पॉजराव काउंटरपासून बाजूला झाले. चपला दाराशीच काढलेल्या होत्या. साडूंच्या पाठीमागून, फरशीवर अनवाणी, श्वाससुद्धा धरून ते पलीकडे गेले आणि वेत करकरू नये म्हणून दोन्ही हातांवर भार देत त्या खुर्चीत टेकले. साडू अजून तिकडेच पाहत होते.

"विचारीन," पॉजराव म्हणाले.